ग्राहकसेवेचं प्रशिक्षण देताना या चुका टाळा

"आमच्या पोरांना ग्राहकांशी नीट बोलायला शिकवा. एका दिवसात होईल ना?" मालक हे विचारतात तेव्हा मी आधी उलट प्रश्न करतो: तुमच्या काउंटरवरचा माणूस कोणालाही न विचारता काय काय देऊ शकतो? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "काहीच नाही."

सगळ्यात मोठी चूक ही. गोड बोलायला शिकवायचं आणि अधिकार शून्य ठेवायचे. घरगुती उपकरणांच्या एका दुकानात मी हे डोळ्यांनी पाहिलं. ग्राहकाने नवा मिक्सर परत आणला होता, भांड्याचं झाकण बसत नव्हतं. काउंटरवरची मुलगी शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." तिच्या मागच्याच फळीवर त्याच मॉडेलचा नमुना ठेवलेला, झाकणासकट. पण मॅनेजरच्या सहीशिवाय ते देता येत नव्हतं, मॅनेजर जेवायला गेलेले आणि फोन उचलत नव्हते. पाऊण तासात तिने तेच वाक्य तीनदा म्हटलं. शेवटी तो माणूस ओरडला, "क्षमा नको, झाकण द्या!" दुसऱ्या दिवशी मालकांचा मला फोन: त्या मुलीला पुन्हा ट्रेनिंग द्या. त्या मुलीचं काय चुकलं होतं? मी सरळ नकार दिला.

रिट्झ-कार्लटन हॉटेलांत साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला २००० डॉलरपर्यंत खर्चाची मुभा असते, हे बरंच गाजलेलं आहे. एवढी रक्कम कोणी मागत नाही. काउंटरवरच मिटतील अशा तक्रारींची यादी आणि खर्चाची मर्यादा लिहून द्या, सही मागाहून करा. ती यादी हातात आल्याशिवाय मी पहिलं सत्रच घेत नाही.

दुसरी चूक म्हणजे वर्षातून एकदा हॉल घेऊन दिवसभर व्याख्यान. शिकलेलं किती भराभर विसरतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं, तरी आपण तेच करतो. मी दुकान उघडण्याआधीची दहा मिनिटं मागून घेतो. कालची एकच तक्रार घ्यायची, एकाने ग्राहक व्हायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मोठ्याने. नवे मॅनेजर कंटाळतात, "व्हिडिओ पाठवा, बघतील मोबाइलवर" म्हणतात. पोहायलासुद्धा व्हिडिओ बघून कोणी शिकत नाही. चिडलेला माणूस समोर उभा असताना तोंडातून काय निघेल, ते रोजच्या सरावानेच ठरतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कॉल सेंटरमध्ये कॉल किती मिनिटांत संपला एवढंच मोजाल तर पोरं फोन गुंडाळतात आणि तोच ग्राहक पुन्हा फोन करतो. पहिल्याच फोनवर काम किती जणांचं झालं, ते मोजा. हिशेब आणि गोदामातल्या लोकांनाही प्रशिक्षणाला बसवा, कारण चुकीचं बिल आणि उशिरा निघालेला माल तिथूनच येतो. ग्राहकासमोर कर्मचाऱ्याला झापू नका, कधीच नाही.

आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी काउंटरवर एकट्याला सोडू नका. आठवडाभर तरी जुन्याच्या शेजारी उभं राहू द्या. तो जुना निवडताना नोकरीची वर्षं मोजू नका, चिडून आलेला ग्राहक त्याच्याकडून कसा परत जातो ते बघा.