नाशिकच्या काळ्या पाषाणातली गारगोटी: आधी थर वाचा, मग छिन्नी लावा

नाशिकच्या डोंगरात तांबं, लोखंड किंवा सोनं शोधायला निघणाऱ्याने आधी एवढं समजून घ्यावं की इथे धातूच्या शिरा नाहीत. त्र्यंबक, सातमाळा, इगतपुरी, सिन्नर हा सगळा मुलूख सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणात, लोखंडाचे ऑक्साइड दहा टक्क्यांच्या वर असतात, पण ते बारीक कणांत सगळीकडे विखुरलेले असतात. ते एका जागी गोळा करील अशी घडामोड इथे झालेली नाही, म्हणून खाणीला परवडेल असं धातुक मिळत नाही.

तरीही माणसं फसतात, आणि फसवणाऱ्या खुणा ठरलेल्या आहेत. दोन थरांमधला विटकरी पट्टा लोखंडाची खाण वाटतो. प्रत्यक्षात तो लाव्हाचा वरचा भाग कुजून, पुढच्या लाव्हाखाली भाजून झालेला ‘बोल’ नावाचा लाल मातकट थर असतो, ज्याला आपल्याकडे गेरू म्हणतात. खडकातल्या पोकळीच्या कडेचा हिरवा लेप तांब्याचा वाटतो, पण तो सेलाडोनाइट नावाचा मऊ, मातीसारखा पदार्थ असतो आणि नखाने खरवडला जातो. क्वचित दिसणारी सोनेरी चमक पायराइटची, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजाची असते. फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर घासा: सोन्याची रेघ सोनेरीच राहते, पायराइटची हिरवट काळी उठते.

इथलं खरं धन पोकळ्यांत वाढलेल्या स्फटिकांत आहे: स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट, ह्यूलँडाइट, कॅल्साइट. आपण सगळ्यांनाच गारगोटी म्हणतो, पण खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. पांडवलेणी परिसरातल्या आणि सिन्नरजवळ माहोदरीच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आधी तासभर घालवा. डोळा तयार झाला की खाणीत निम्मे श्रम वाचतात.

थर कसा वाचायचा

लांबून पाहिलं तर आपला डोंगर पायऱ्यांसारखा दिसतो. उभा कडा म्हणजे टणक भाग, झाडीचा उतार म्हणजे भुसभुशीत भाग. जवळ जाऊन एकच थर तळापासून माथ्यापर्यंत पाहा. तळाशी वीतभर पट्ट्यात बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. खालून वर निघालेल्या वायूच्या त्या वाटा, आणि पुष्कळदा त्या लाव्हा वाहत होता त्या दिशेला झुकलेल्या असतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण, उभ्या भेगांचा. खडीसाठी क्रशरवाले हाच मागतात. माथ्याकडे बुडबुड्यांची गर्दी होते आणि ते भरले गेले की खडक पांढऱ्या ठिपक्यांचा दिसतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात.

मोठी पोकळी शोधायची ती या ठिपक्यांच्या पट्ट्यात आणि त्याच्या खालच्या सीमेवर. मधल्या घट्ट पाषाणात दिवसभर घण घातला तरी हाती खडीच येते. पातळ, जिभांसारख्या लाव्हाच्या थप्पीत दर मीटर-दोन मीटरला नवा माथा येतो, म्हणून तिथे पोकळ्या जास्त. जाड, सलग थरात संधी एकदाच, अगदी वर.

दोन खुणा गोंधळात टाकतात. कसारा घाटाकडे काही थरांत काही सेंटिमीटर लांबीचे फिकट, चपटे तुकडे चमकतात. ते पोकळीतले स्फटिक नव्हेत, लाव्हातच वाढलेले प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचे स्फटिक आहेत. त्यांच्या कडा खडकात घट्ट रुतलेल्या असतात, मागे मोकळी जागा नसते. दुसरी खूण थरांना उभी कापत जाणारी खडकाची भिंत. धोडपच्या माथ्यावरची खाच पडलेली लांब भिंत अशीच आहे: भेगेत घुसून थिजलेला लाव्हा. ती पोकळ्यांसाठी सहसा निरुपयोगी.

स्फटिक लाव्हासोबत आलेले नाहीत, हे लक्षात ठेवलं की बाकी उलगडतं. आधी वायूचे बुडबुडे राहिले. नंतर, वर पुढचे थर साचल्यावर, गरम पाणी खडकातून मुरलं, त्यातलं सिलिका, चुना, सोडा विरघळवून पोकळीत आणलं आणि तिथे थर धरला. म्हणून क्रम वाचता येतो: जो दुसऱ्यावर बसलेला तो नंतरचा. बहुतेक ठिकाणी भिंतीला हिरवा सेलाडोनाइट, त्यावर कॅल्सेडनी (क्वार्ट्झचाच अतिबारीक कणांचा प्रकार) किंवा क्वार्ट्झ, मग ह्यूलँडाइट-स्टिल्बाइट, त्यावर अपोफिलाइट. कॅल्साइट पुष्कळदा शेवटी येतो. कडेच्या फुटलेल्या तुकड्यात हिरवी पातळ कड आणि वर पांढरा पापुद्रा दिसला, तर त्याच पट्ट्यात आडवं पुढे सरका. मोठी पोकळी जवळपास असते.

परवानगी आणि जीव

डोंगरमाथे बहुतांशी वनखात्याचे आहेत, तिथे हातोडा चालवायचा नाही. पांडवलेणी केंद्रीय संरक्षित स्मारक आहे: भोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. दगडखाण गौण खनिजांच्या २०१३ च्या राज्य नियमांखाली चालते, तेव्हा पट्टेदाराची लेखी परवानगी घ्या आणि काय उचलणार तेही त्यात लिहून घ्या. ओळखीवर, तोंडी होकारावर आत जाऊ नका. काही झालं तर मुकादम अडकतो.

बार उडाला की लगेच धावू नका. ब्लास्टरने पाहणी करून मोकळीक दिल्याशिवाय ढिगाऱ्यापाशी जायचं नाही, कारण न उडालेला बार दगडांत दडलेला असू शकतो. वायर, नळी किंवा कांडीचा तुकडा दिसला तर हात न लावता मागे फिरा आणि सांगा. खाणीच्या भिंतीच्या पायथ्याशी बसून काम करू नका. भिंत जितकी उंच, किमान तेवढं अंतर सोडा. सुटा दगड वरून कधी येईल ते सांगता येत नाही, विशेषतः पहिल्या पावसानंतर. चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हेल्मेट, चष्मा, जाड हातमोजे, लोखंडी टाचेचे नव्हे तर लोखंडी चवड्याचे बूट, आणि धुळीसाठी मास्क. हे सामान नसेल तर त्या दिवशी फक्त बघून परत या.

पोकळी काढणं

हत्यारं थोडी लागतात: एक ते दीड किलोचा हातोडा, १० ते १२ इंची दोन छिन्न्या (एक रुंद, एक टोकदार), लहान पहार, टॉर्च, दहापट भिंग. सोबत टिश्यू, वर्तमानपत्रं, अंड्यांचे ट्रे, चिकटपट्टी, मार्कर.

पोकळी दिसली की आधी टॉर्चने आत पाहा आणि फोटो काढा. सुयांसारखे स्फटिक असतील तर हात घालू नका. मेसोलाइट नावाच्या खनिजाच्या केसासारख्या सुया बोटाच्या स्पर्शाने मोडतात आणि पुन्हा कधीच उभ्या राहत नाहीत. मग खडकावर ठोकून आवाज ऐका: भरीव ठण्ण म्हणजे घट्ट, बद्द म्हणजे भेग किंवा आणखी पोकळी.

काम पोकळीच्या तोंडावर नाही, तिच्याभोवती करायचं. कडेपासून १५ ते २० सेंटिमीटर बाहेर, आधीच असलेल्या भेगेत छिन्नी लावा आणि तिचं टोक पोकळीपासून दूर वळवलेलं ठेवा. एक जोरकस घाव घालण्यापेक्षा पन्नास हलके घाव बरे. भेग उघडली की पहारेने हळू उचला. घाईत बहुतेक जण स्फटिकाच्या मुळाशीच छिन्नी लावतात. स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट दोन्हींना एका दिशेने सहज पापुद्रे सुटण्याची सवय असते, त्यामुळे धक्का बसला की टोक गळून पडतं, आणि नाशिकच्या नमुन्याची किंमत त्या टोकातच असते. खडकाचा तळवा दोन-तीन सेंटिमीटर जाड ठेवला की धक्का तोच झेलतो.

तुकडा सुटला की तळव्यावर लगेच क्रमांक लिहा. उन्हात तापलेल्या तुकड्यावर गार पाणी ओतू नका, कॅल्साइट तडकतो. सुयांचा नमुना गुंडाळू नये. तळवा चिकटपट्टीने डब्याच्या बुडाला पक्का करा, म्हणजे सुयांना कशाचाही स्पर्श होत नाही.

ओळख

स्टिल्बाइट मधोमध आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा, फिकट गुलाबी ते पांढरा, मोत्यासारख्या चमकेचा. ह्यूलँडाइट शवपेटीच्या आकाराचा, चपटा, एका पृष्ठावर मोतिया झळाळी. अपोफिलाइट चौकोनी खांब, उभ्या बाजूंवर बारीक रेघा, टोकाला पिरॅमिड. हिरवा असेल तर तो रंग व्हॅनेडियमचा. अपोफिलाइट झिओलाइट (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ज्यात येतात तो खनिजांचा गट) नाही, विक्रेतेही बहुधा त्याला चुकीने झिओलाइट म्हणतात. चॅबाझाइट किंचित तिरप्या ठोकळ्यांसारखा, म्हणून घाईत कॅल्साइट समजला जातो. तळाच्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाका: कॅल्साइटवर बुडबुडे येतात, चॅबाझाइटवर नाहीत. क्वार्ट्झ काच ओरखडतो, झिओलाइट ओरखडत नाहीत. स्कोलेसाइट, मेसोलाइट, नॅट्रोलाइट या तीन सुया डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण चाचणी लागते. चिठ्ठीवर ठाम नाव लिहिण्यापेक्षा "सुईसारखा झिओलाइट" लिहिणं प्रामाणिक.

शंका असेल तर घनता मोजा. तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला. समजा हवेत ४६ ग्रॅम आणि पाण्यात २६ भरला, तर फरक २०, आणि ४६ भागिले २० म्हणजे २.३. बहुतेक झिओलाइट २.१ ते २.३ मध्ये येतात, कॅल्साइट २.७, आणि हाताला अनपेक्षित जड लागणारा पिवळसर पॉवेलाइट ४ च्या वर. पॉवेलाइट लघुलहरी अतिनील दिव्याखाली पिवळा उजळतो; हा दिवा डोळ्यांना घातक आहे, संरक्षक चष्म्याशिवाय लावू नका.

साफसफाई

पहिले तीन दिवस काही करू नका, माती वाळू द्या. मग मऊ ब्रशने झटका, पुढे कोमट पाणी आणि साधा भांडी धुण्याचा साबण, तेही टणक नमुन्यांसाठीच. कापसाच्या गोळ्यासारख्या ओकेनाइटला पाणी लागलं की तंतू चिकटून बसतात, त्याला फक्त हलकी फुंकर चालते.

आम्ल हे इथल्या नमुन्यांचं मोठं दुखणं आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट विघटित होतात, स्कोलेसाइट आणि नॅट्रोलाइट चक्क जेली होतात. क्वार्ट्झचा गंज काढायला लोक ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, पण आपल्या खनिजांत कॅल्शियम असल्याने त्याचा पांढरा, न निघणारा लेप बसतो. कॅल्साइट काढून खालचा स्टिल्बाइट उघडा करायचा मोह आवरा.

लॉमोंटाइट या झिओलाइटचं वेगळं. खाणीत तो टणक, पारदर्शक असतो. कोरड्या हवेत आठवड्याभरात पाणी गमावून पांढरा पडतो आणि चुरा होतो. मिळाल्याबरोबर ओल्या कापडासह बंद डब्यात ठेवा. बाकीचे नमुनेही खिडकीतल्या उन्हात किंवा तापणाऱ्या दिव्याखाली ठेवू नका, झिओलाइटच्या घडणीतच पाणी असतं.

चिठ्ठीवर एवढं हवं: गाव, तालुका, खाण, दिनांक, जमिनीपासून किती मीटरवरचा थर, पोकळीचा कोणता भाग (छत, तळ, बाजू), आणि कशावर काय बसलं आहे. छतावरचे स्फटिक बऱ्याचदा तळातल्यांपेक्षा स्वच्छ निघतात, कारण गाळ खाली बसतो. छत आणि तळ वेगळे लिहिलेत तर पुढच्या वेळी त्याच खाणीत कुठे छिन्नी लावायची ते आधीच ठरतं.