गर्भाशयाचा एमआरआय: बुस्कोपॅन इंजेक्शन दिलं तरी चित्र फसतं, या चुका टाळा

सॅजिटल टी-टूवर, म्हणजे बाजूने उभ्या छेदात घेतलेल्या आणि द्रव पांढरा दाखवणाऱ्या एमआरआय चित्रावर, गर्भाशयाच्या मागच्या भित्तीत काळपट फुगवटा दिसतो, अंतःस्तर पुढे ढकललेला असतो आणि रिपोर्टात ‘फोकल अॅडिनोमायोसिस’ (अंतःस्तराच्या पेशी भित्तीच्या स्नायूत एकाच जागी शिरण्याचा आजार) असं उतरतं. शेवटच्या सिक्वेन्समध्ये (चित्रांच्या मालिकेत) मात्र तो फुगवटा गायब असतो. तो आजार नव्हताच, भित्तीचं तात्पुरतं आकुंचन होतं. आकुंचन सहसा पोकळीकडे फुगतं, बाहेरची कड जवळपास सरळच राहते. अॅडिनोमायोसिसमध्ये काळ्या भागात बारीक पांढरे ठिपके सापडू शकतात. फायब्रॉइडची, म्हणजे स्नायूच्या साध्या गाठीची, कड बहुधा गोल आणि रेखीव असते. शंका आली की शेवटी एक झटपट सॅजिटल सिक्वेन्स पुन्हा घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

मुरडा थांबवणारं इंजेक्शन फक्त आतड्यासाठी, हा समजही चुकीचा. हायोसीन ब्युटिलब्रोमाइड, म्हणजे बुस्कोपॅन, गर्भाशयाच्या आतल्या थरातल्या आकुंचनाच्या लाटाही मंदावतं. त्यामुळे जंक्शनल झोन, म्हणजे अंतःस्तराला लागून असलेला स्नायूचा काळपट पट्टा, जास्त स्वच्छ दिसू शकतो. पण प्रत्येक आकुंचन थांबेलच असं नाही. ‘इंजेक्शन दिलंय, म्हणजे हा फुगवटा खराच’ असं धरून चालू नका. आणि लाटा पाहण्यासाठीच सिने एमआरआय (हालचाल टिपणारा एमआरआय) सांगितला असेल, तर तो इंजेक्शनच्या आधी उरका.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. शिरेतून 20 मिग्रॅ दिल्यावर परिणाम मिनिट-दोन मिनिटांत सुरू होतो आणि साधारण 20 मिनिटं टिकतो. बाहेरच्या खोलीत इंजेक्शन दिलं, मग कपडे बदलले, कॉइल (सिग्नल टिपणारं पोटावरचं उपकरण) बांधली, लोकलायझर (जागा ठरवण्याचं पहिलं झटपट चित्र) घेतला, की निम्मा वेळ गेलाच. पेशंट टेबलावर आडवी झाल्यावर, लोकलायझर झाल्यावर, मुख्य टी-टूच्या तोंडावर हळूहळू द्या. स्नायूतून दिलं तर परिणाम उशिरा येतो. गोळीवर विसंबू नका, आतड्यातून ती फारच कमी शोषली जाते.

मागच्या स्कॅनशी तुलना करताना औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ फॉर्मवर नोंदलेली हवी. शेवटच्या पाळीची तारीखही हवी. जंक्शनल झोन 12 मिमीच्या वर गेला की अॅडिनोमायोसिसचा संशय घेतात, पण पाळीच्या दिवसांत तो तसाही जाड दिसू शकतो. एक स्कॅन इंजेक्शनसह आणि दुसरा त्याविना असेल, तर एक-दोन मिलिमीटरच्या फरकावरून ‘आजार वाढला’ म्हणणं धाडसाचं.

इंजेक्शनआधी काचबिंदू, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार), जलद ठोके आणि हृदयविकार विचाराच. पर्याय म्हणून ग्लुकॅगॉन 1 मिग्रॅ देतात, मात्र फिओक्रोमोसायटोमा (अॅड्रिनल ग्रंथीची गाठ) आणि इन्सुलिनोमात (इन्सुलिन बनवणारी गाठ) ते वर्ज्य, मधुमेहात जपून. बुस्कोपॅननंतर नजर थोडा वेळ धूसर होऊ शकते. नीट दिसेपर्यंत पेशंटला स्कूटर चालवू देऊ नका, आणि हे इंजेक्शनच्या आधीच सांगा, म्हणजे ती सोबत कुणाला तरी आणेल.