फोर्डच्या ‘सिंक ३’ प्रणालीचे सॉफ्टवेअर घरी अपडेट करताना

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील वाहननिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तरी आपल्याकडे इकोस्पोर्ट आणि एन्डेव्हर अजून भरपूर धावतात. त्यांपैकी अनेक गाड्यांतील ‘सिंक ३’ प्रणालीत, म्हणजे डॅशबोर्डवरील टचस्क्रीन, गाणी आणि फोनची जोडणी सांभाळणाऱ्या यंत्रणेत, मात्र गाडी घेतली तेव्हाचेच सॉफ्टवेअर असते. ब्लूटूथ सारखे तुटत असेल किंवा अँड्रॉइड ऑटो (फोनमधील अॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) मध्येच बंद पडत असेल, तर आधी पॉवरचे बटण आणि गाणे पुढे नेण्याचे बटण एकत्र दाबून, स्क्रीन काळी होईपर्यंत धरून ठेवावे. एवढ्याने प्रणाली नव्याने सुरू होते, साठवलेली माहिती जात नाही, आणि पुष्कळदा अपडेटची गरजच उरत नाही.

तक्रार कायम राहिल्यास सेटिंग्जमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट सिंक’ येथे जाऊन आवृत्तीचा क्रमांक लिहून घ्यावा. इकोस्पोर्टच्या सर्वच प्रकारांत सिंक ३ नव्हते; काहींमध्ये वेगळा, साधा टचस्क्रीन होता आणि त्याला पुढील काहीही लागू पडत नाही. सिंकच्या आधीच्या दोन पिढ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालत, तर सिंक ३ ब्लॅकबेरीच्या क्यूएनएक्सवर चालते. त्यामुळे जुन्या सिंकसाठी लिहिलेल्या सूचनाही येथे निरुपयोगी आहेत.

पेनड्राइव्ह ३२ किंवा ६४ जीबीचा, चांगल्या प्रतीचा घ्यावा आणि तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. अपडेटच्या डाउनलोड केलेल्या फाइली त्यावर टाकल्यावर त्याच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे, ‘ऑटोइन्स्टॉल’ नावाची यादीची फाइल, ‘डोन्टइंडेक्स’ ही छोटी फाइल आणि ‘सिंकमायराइड’ हा फोल्डर दिसला पाहिजे. बहुतेकांचे घोडे येथेच अडते. डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना संगणक तिच्याच नावाचा एक जादा फोल्डर तयार करतो, तो तसाच पेनड्राइव्हवर जातो, आणि गाडीला यादीच सापडत नसल्याने स्क्रीनवर काहीच घडत नाही. ‘सिंकमायराइड’मधल्या दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइली मात्र उघडायच्या नाहीत, कोणती फाइल कोणत्या क्रमाने चढवायची हे त्या यादीत लिहिलेले असते आणि पुढचे काम गाडी स्वतः करते.

गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन चालू ठेवावे, कारण नुसत्या चावीवर बॅटरी उतरते किंवा ठरावीक वेळाने स्क्रीन बंद होते. बंद गॅरेजमध्ये हा उद्योग मुळीच करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. इतर यूएसबी पोर्ट रिकामे करून पेनड्राइव्ह लावल्यावर अपडेट सुरू झाल्याचा संदेश दिसतो. त्यानंतर पेनड्राइव्हला हात न लावता काम पूर्ण झाल्याच्या संदेशाची वाट पाहावी, मग इंजिन बंद करून, दार उघडून, थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू करावी. नकाशांचे पॅकेज असल्यास वेळ बराच जास्त लागतो. संपूर्ण मेमरी पुसून नवे सॉफ्टवेअर बसवण्याची ‘रिफॉरमॅट’ पद्धतही वापरली जाते, पण त्यात मध्येच वीज तुटली तर स्क्रीन सुरूच न होण्याचा धोका असतो. साधे अपडेट चालत असताना त्या वाटेला जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

सुरुवातीचे चित्र बदलणे किंवा लपवलेले पर्याय उघडणे ही कामे अपडेटने होत नाहीत. त्यासाठी स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठीच्या जोडणीला) अडॅप्टर जोडून लॅपटॉपवरील ‘फोरस्कॅन’ या फोर्ड गाड्या तपासण्याच्या प्रोग्रॅममधून ‘एपीआयएम’ या, म्हणजे सिंक चालवणाऱ्या संगणकाच्या, मॉड्यूलमधील सेटिंग्जच्या नोंदी बदलाव्या लागतात. गाडीतील मॉड्यूल एकमेकांशी ज्यांवरून बोलतात त्या एचएस (जलद) आणि एमएस (मध्यम वेगाच्या) या दोन्ही कॅन जाळ्यांशी बोलणारा अडॅप्टर असावा. बाजारातले अगदी स्वस्त अडॅप्टर अनेकदा एकाच जाळ्यापर्यंत पोहोचतात. काहीही बदलण्यापूर्वी मूळ नोंदींची प्रत लॅपटॉपवर आणि शिवाय अन्यत्र जपून ठेवावी, आणि एका वेळी एकच नोंद बदलून परिणाम पाहावा. पाच नोंदी एकदम बदलल्या आणि रिव्हर्स कॅमेरा गेला, तर दोष कोणत्या नोंदीचा हे शोधत बसावे लागते. गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळे करण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारणे बरे.

जीपीएस अँटेना नसलेल्या गाडीत नोंद बदलून नॅव्हिगेशन सुरू होत नाही. तसेच सिंक ३ मध्ये अँड्रॉइड ऑटो आणि आयफोनसाठीची तशीच सोय असलेले कारप्ले केबलनेच चालतात. बिनतारी जोडणी हवी असल्यास यूएसबी पोर्टला लागणारा वेगळा डाँगल विकत घ्यावा.