हळदीच्या गोदामात ड्रम: सांगलीत बसून अल्बम काढायचा असेल तर

मी बँडमध्ये बास वाजवतो आणि दिवसा मार्केट यार्डात मामांच्या अडत दुकानात वह्या बघतो. नऊ गाण्यांचा अल्बम काढायला आम्हा चौघांना चौदा महिने लागले. त्यातले सहा सहज वाचले असते. ते कुठं गेले तेवढं सांगतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

आधी गाणी बसवा. 'रेकॉर्ड करताना बघू' असं जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा आमच्यात पुढं नियमच झाला. गाणं सलग वाजवून मोबाईलवर घ्या, दोन दिवस ऐकू नका, मग काम करता करता ऐका. जिथं हात आपसूक गाणं पुढं ढकलायला जातो, तिथलं कडवं कापा. आमचं सहा मिनिटांचं एक गाणं असंच साडेतीनवर आलं. गिटारवाला आठ दिवस बोलत नव्हता. प्रत्येक गाण्याची लय आकड्यात लिहून ठेवा आणि ड्रमरला महिनाभर क्लिकवर, म्हणजे कानात टकटक करणाऱ्या ठोक्यावर, वाजवायला लावा. ती सवय रेकॉर्डिंगच्या दिवशी लागत नसते.

ड्रम फ्लॅटमध्ये घेऊ नका. शेजारी राहू देत, पण छत बुटकं असलं की सिंबलचा (झांजेचा) आवाज वरून आदळतो आणि सगळंच चिरकतं. आम्ही मामांचं गोदाम धरलं, रविवारी, सौदे बंद असताना. तिन्ही बाजूंनी हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, वर पत्रा. पोतं आवाज पितं. पहिल्या टेकला स्नेअर, म्हणजे मधला कडक वाजणारा ड्रम, असा वाजला की उशी बडवतोय. मग एका बाजूची थप्पी हलवून भिंत उघडी केली, तेव्हा कुठं त्यात जीव आला. पोती हलवायची आणि पुन्हा ऐकायचं, यात अख्खी सकाळ गेली. पण त्या सकाळीनं जेवढं दिलं तेवढं नंतर आवाज सुधारायच्या एकाही प्लगिननं (सॉफ्टवेअरनं) दिलं नाही. किकबरोबर, म्हणजे पायानं वाजतो त्या मोठ्या ड्रमबरोबर, पत्र्याचा एक कोपरा झणझणत होता, तिथं विटा ठेवल्या.

माईक चारच होते: किक, स्नेअर आणि वर दोन. वरच्या दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर सारखं पाहिजे. पोतं शिवायची सुतळी घ्या, एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दुसरं पहिल्या माईकपर्यंत ताणून गाठ मारा आणि त्याच गाठीवर दुसरा माईक आणा. अंतर चुकलं तर स्नेअरचा आवाज दोन्ही माईकमध्ये मागंपुढं पोचतो, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र लावले की पोकळ लागतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये आवाज बारीक आला तरी काही बिघडत नाही. वर जाऊन फाटला की मात्र गेला.

गिटार आणि बास घरी घेतले तरी चालतं. ट्यूबलाइट बंद करा. गुणगुण येतच राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. अर्थिंगचे आमचे अर्धे घोळ तिथंच मिटले. तारा आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी नको, नव्या तारा सारख्या उतरतात. आणि गणपतीच्या आधीचा महिना रेकॉर्डिंगला धरूच नका. ढोलपथकाच्या सरावापुढं कुठलीच खोली टिकत नाही.

एका गाण्यात तंबोरा हवा होता, आणि तंबोरे बनवणारं मिरज दहा किलोमीटरच्या आत असताना की-बोर्डवरचा वाजवायची लाज वाटली. गाणं ई मध्ये, म्हणजे पांढरी तीन. आम्ही शहाणपणा करून काळी एकचा, म्हणजे खालच्या सुराचा, तंबोरा वर चढवायला लागलो. सतारमेकर गल्लीतल्या काकांनी हात धरला. "अहो, ताणताय काय? तार बदला." त्यांनी बारीक तारा घातल्या, मग जवारीचा, म्हणजे तारेखालून झंकार उघडणारा, दोरा घोडीवर केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत बसले. एका जागी आवाज एकदम उघडला, त्यांनी मान हलवली, आम्ही रेकॉर्डचं बटण दाबलं. माईक घोडीपासून वीतभर लांब आणि जरा तिरका ठेवा. गिटारी ४४० हर्ट्झला लावलेल्या असतील तर तंबोराही त्याच ट्यूनरवर लावून घ्या. सूर नंतर मशीननं सरकवला की जवारीचं सगळं वाटोळं होतं.

मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे ट्रॅक एकमेकांत जुळवणं, स्वतः करू नका. आम्ही पहिली तीन गाणी आम्हीच केली, आणि प्रत्येकाला आपलं वाद्य बारीक वाटत होतं. पैसे साठवायचे ते यासाठी, नव्या पेडलसाठी नव्हे. मास्टरिंगवाल्याला, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला, 'जोरात कर' म्हणू नका. स्पॉटिफाय सगळ्यांना नेहमीच्या सेटिंगला उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, त्यामुळं चेपून चेपून मोठा केलेला आवाज तिथं खालीच येतो.

आता वहीचं काम, माझ्या आवडीचं. गाण्यात दोन हक्क असतात: एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. कोणाचा किती टक्के हे मिक्सिंगच्या आधी कागदावर लिहा, चौघांच्या सह्या घ्या. मित्र आहोत म्हणून टाळू नका. मित्र आहोत तोवरच हे होतं. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं. डिस्ट्रिब्युटर (गाणी अॅपवर पोचवणारी कंपनी) प्रत्येक गाण्याला बारा अक्षरी आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख-कोड, देतो, तो वहीत उतरवून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच कोड द्यायचा, म्हणजे ऐकलेल्याचा आकडा शून्यावर येत नाही.

नावाचं स्पेलिंग एकदाच ठरवा. आमचं सिंगल एका स्पेलिंगनं गेलं, अल्बम दुसऱ्या, आणि अर्धी गाणी कुठल्यातरी परक्या कलाकाराच्या पानावर जाऊन बसली. ती परत आणायला पाच आठवडे पत्रव्यवहार. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाग्रामचं नाव टाकलंत तर परत येतं.

तारीख ठरवताना फाइल चढवल्यापासून निदान चार आठवडे पुढची घ्या, शुक्रवार असेल तर बरं. स्पॉटिफायच्या संपादकांकडं एका वेळी एकच गाणं सुचवता येतं, तेही रिलीजच्या आधी. सात दिवस हातात ठेवून सुचवलंत तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, ते जातं. आम्ही मंगळवारी चढवून शुक्रवारी काढलं. ऐकलं ते मावसभावांनी.

सीडी पन्नासच काढा. आमच्या अजून अकरा शिल्लक आहेत.

आणि हार्ड डिस्क. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. गिटारवाल्याचं घर नदीजवळच्या गावभागात, आमचे जुने सगळे डेमो त्याच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. आता प्रत्येक ट्रॅकच्या तीन प्रती असतात: एक त्याच्याकडं, एक क्लाउडवर आणि एक मिरजेला माझ्या बहिणीकडं, दुसऱ्या मजल्यावर, तिच्या लग्नाच्या अल्बमशेजारी.