घरच्या सरावासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट निवडताना

इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट पाहायला गेलेला माणूस बहुधा हेडफोन लावून मॉड्यूलमध्ये, म्हणजे पॅडवरच्या आघातांना आवाज देणाऱ्या पेटीत, किती आवाज आहेत ते मोजू लागतो. घरच्या सरावासाठी मात्र आधी हेडफोन काढून ठेवावा, मॉड्यूल बंद करावे आणि सगळी पॅड वाजवून संचाचा स्वतःचा आवाज ऐकावा, कारण शेजाऱ्यांना ऐकू जाणार आहे तो हाच. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो, दिवस मावळला की दारे-खिडक्या उघडतात आणि अनेक कुटुंबे गच्चीवर झोपतात. अशा रात्री रबरी पॅडवर पडणाऱ्या काडीची टकटकही गल्लीभर ऐकू येते.

त्याहून मोठी अडचण किकची, म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायच्या मोठ्या ड्रमची आहे. पेडलचा धक्का हवेतून फारसा जात नाही. तो स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि तेथून खालच्या घरात धपधप असा उतरतो. जुन्या धाब्याच्या घरात लाकडी तुळयांवरच्या माडीवर सेट ठेवायचा असेल, तर हा त्रास आणखी वाढतो. म्हणून सेट निवडण्याची सुरुवात किकपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यामाहाच्या डीटीएक्स ४०२के या सेटमध्ये हातोडी नसलेले पेडल येते. त्याचा धक्का कमी बसतो, पण पायाला खऱ्या ड्रमसारखा उलट झटका मिळत नाही. त्याच मालिकेतील डीटीएक्स ४५२के या सेटमध्ये उभे किक पॅड आणि नेहमीचे पेडल असते, त्यामुळे पायाचा सराव चांगला होतो, आवाज मात्र वाढतो. तळमजल्यावर राहणाऱ्याने दुसरा प्रकार निःसंकोच घ्यावा. वरच्या मजल्यावर तोच हवा असेल, तर प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून चौथरा करावा आणि सेट त्यावर ठेवावा. खालच्या फळीला चेंडूंपेक्षा लहान भोके पाडली की चेंडू जागचे हलत नाहीत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत विणलेली प्लॅस्टिकची चटई घराघरांत असते, पण ती पातळ असल्याने धक्का शोषत नाही.

पॅड दोन प्रकारची मिळतात. रबरी पॅड टिकाऊ आणि स्वस्त असते, पण त्याचा आवाज जास्त होतो आणि तासन्‌तास वाजवल्यास मनगटाला ताण जाणवतो. जाळीचे पॅड रोलंडच्या टीडी-१० या सेटबरोबर १९९७ साली बाजारात आले. ते शांत असते आणि बहुतेक सेटमध्ये चावीने त्याचा ताण कमी-जास्त करता येतो. जाळी खऱ्या कातड्यापेक्षा काडी अधिक उसळवते, त्यामुळे ती फार ताणू नये, नाहीतर घरी सहज निघणारे डबल स्ट्रोक (एकाच हाताचे लागोपाठ दोन आघात) मंचावर निघत नाहीत. सगळी पॅड जाळीची परवडत नसतील, तर निदान स्नेअर, म्हणजे वादकासमोरचा मुख्य ड्रम, जाळीचा, शक्यतो १० इंचांचा, आणि काठावरचा आघात वेगळा ओळखणारा असावा. दुकानात त्यावर अगदी हलके आघात करून पाहावेत, ते ऐकू येतात का हे तपासावे आणि एक पॅड वाजवताना दुसरे आपोआप वाजत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. हाय-हॅट (पायाने उघड-बंद होणारी झांजांची जोडी) अर्धवट उघडा ठेवल्यावर आवाज बदलला पाहिजे.

मॉड्यूलमध्ये मेट्रोनोम (लय धरायला एकसारखे ठोके देणारी सोय), बाहेरून गाणे जोडण्याची सोय आणि यूएसबी एवढे पुरेसे आहे. हेडफोन वायरचा आणि कान पूर्ण झाकणारा घ्यावा, कारण ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि ताल बिघडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. तेव्हा आवाज बेतानेच ठेवावा.

पत्र्याच्या खोलीत किंवा थेट उन्हात सेट ठेवू नये आणि धुळीसाठी वर सुती कापड टाकावे. वीज वारंवार जात-येत असल्यास सराव संपल्यावर अडॅप्टर काढून ठेवणे चांगले.

लग्नाच्या बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात वाजवण्याचा विचार असेल, तर आधी ऑक्टापॅडचा विचार करावा. आठ पॅडचे हे वाद्य लहान जागेत मावते, पण नुसत्या ऑक्टापॅडवर पायांचा सराव होत नाही.

पैसे देण्यापूर्वी खोक्यात काय येते ते विचारावे, कारण किक पेडल, स्टूल आणि हेडफोन पुष्कळदा वेगळे घ्यावे लागतात. सेट नाशिक, सुरत किंवा पुण्याहून मागवणार असाल, तर वॉरंटीत दुरुस्तीसाठी तो नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, आणि केबल, पॅड किंवा जाळी सुटी मिळते का, हे बिलापूर्वी लेखी घ्यावे.