सीबीडी तेल खवट होत होतं, ते असं थांबवलं

बाटली खिडकीत होती, तिथेच चूक. सीबीडी, म्हणजे भांगेच्या रोपातलं नशा न आणणारं द्रव्य, उतरतं (त्याचा जोर कमी होतो) ते उजेड, उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे. उजेड सर्वांत वाईट. आता गडद तपकिरी काचेची बाटली, बंद कपाटात, १५ ते २० अंशांवर, शेगडीपासून लांब. उभीच ठेवायची, आडवी ठेवली की तेल ड्रॉपरच्या रबराला लागून रबर फुगतं. ड्रॉपर जिभेला टेकवू नये, लाळ आत जाते. झाकण लगेच घट्ट.

फ्रिज? चालतो, पण तेल दाटतं. बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, मग हलवा. उकळतं पाणी नकोच. खवट वास बहुधा सीबीडीचा नसतो, ज्या तेलात ते मिसळलंय त्याचा असतो. असं तेल टाकून द्या. मोठी, अर्धी रिकामी बाटली टाळून छोटी घेतलेली बरी, आत हवा कमी राहते.