सांडपाणी वाहिन्यांचा डेटा मॉडेलमध्ये घेताना या चुका टाळा

इम्पोर्ट बिनचूक झाल्याचा संदेश आला म्हणून डेटा बरोबर आहे असं समजू नका. सॉफ्टवेअर रकाने जुळवतं, त्यातले आकडे खरे आहेत का हे बघण्याचं काम आपलं. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकच्या ड्रेनेजचं मॉडेल (पाइपांमधून पाणी कसं वाहील हे दाखवणारी संगणकावरची प्रतिकृती) करणाऱ्यांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं, कारण त्यावरून पाइप आणि पंप ठरतात.

सगळ्यात जास्त घोळ इन्व्हर्ट लेव्हलचा, म्हणजे पाइपच्या किंवा चेंबरच्या आतल्या तळाच्या उंचीचा. चेंबरचं झाकण डांबराखाली गेलेलं असलं की सर्व्हेच्या शीटमध्ये तो रकाना कोरा राहतो आणि इम्पोर्टमध्ये बऱ्याचदा त्याचं शून्य होतं. नाशिकची जमीन समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटरवर. म्हणजे पंचवटीतलं ते चेंबर मॉडेलमध्ये साडेपाचशे मीटर खोल होतं! हे निदान लगेच दिसतं. बेंचमार्कमधला, म्हणजे उंची जिथून मोजायची त्या खुणेतला, फरक मात्र लपून राहू शकतो. एकाने टीबीएम (तात्पुरता बेंचमार्क) 100.000 मीटर धरला आणि दुसऱ्याने समुद्रसपाटीपासून उंची मोजली, तर दोन लाइन मिळतात तिथे तफावत डोळ्यांत भरते. पण फरक मीटरभराचाच असेल तर एखाद्या पाइपला उलटा उतार येतो, आणि उलटा प्रवाहही मोजणाऱ्या डायनॅमिक वेव्ह पद्धतीत मॉडेल तरीही चालतं. म्हणून रन देण्याआधी तपोवन किंवा आगरटाकळीच्या मलजल शुद्धीकरण केंद्रापासून वर वर जात प्रत्येक मुख्य लाइनचा एल-सेक्शन (लांबीच्या दिशेने काढलेला उभा छेद) बघाच. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. कोऱ्या लेव्हल वरच्या-खालच्या चेंबरवरून अंदाजाने भरल्या, तर तसं वेगळ्या रकान्यात नोंदवा. मोठ्या लाइनवरचं चेंबर असेल तर ते उघडून मोजाच.

स्वॅम (SWMM) या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मेट्रिक एकक निवडलं की व्यास मीटरमध्ये द्यावा लागतो. शीटमधले 300 मिलिमीटर तसेच गेले तर 300 मीटरचा पाइप तयार होतो आणि मॉडेलमध्ये कुठेच पाणी तुंबत नाही. दर पावसाळ्यात उसळणारं चेंबर मॉडेलमध्ये शांत दिसलं, तर आधी व्यास तपासा. ऑफसेट (चेंबरच्या तळापासून पाइप किती वर आहे तो आकडा) खोलीत दिलेत की लेव्हलमध्ये, हेही त्याच वेळी बघा.

गूगल अर्थवरून आलेले अक्षांश-रेखांशाचे अंश तसेच घेऊ नका, मीटरमधल्या यूटीएम निर्देशांकांत बदलून घ्या, नाहीतर पाइपची लांबी मीटरच्या अगदी बारीक अंशात निघते. नाशिक यूटीएम झोन 43 उत्तरमध्ये येतं: ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) पावणेचार लाख मीटरच्या आसपास, नॉर्दिंग (उत्तरेकडचं) 22 लाखांच्या वर. आकडे याच्या जवळपास नसतील तर तिथेच थांबा.

कॅडमधल्या रेषा चेंबरला टेकल्यासारख्या दिसतात, पण काही सेंटिमीटर आधीच संपलेल्या असतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची टोकं चेंबरला स्नॅप करून, म्हणजे नेमकी जोडून घ्या.

शेवटी चेंबरचे क्रमांक. प्रत्येक ठेक्यात एमएच-1 (एमएच म्हणजे मॅनहोल) पासून सुरुवात होते, त्यामुळे सिडकोचा पाइप नाशिक रोडच्या चेंबरला जाऊन जोडला जातो. क्रमांकाआधी विभागाचं अक्षर लावा. एक्सेलमध्ये तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर 3-12 ची तारीख होते आणि 007 चा नुसता 7 उरतो.